अवकाळीचा आठवडा: अंदाज कसा वाचायचा, कामं कशी लावायची

नभोवेध (धागाकर्ता) | सोमवार, सकाळी ६.५०

मंडळी, नमस्कार. एप्रिलचा हा पहिला आठवडा बिघडलेला जाणार असं दिसतंय. मंगळवार ते शनिवार मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ या तिन्ही विभागांत विजांसह पावसाचा इशारा आहे. बुधवारी-गुरुवारी जोर जास्त, काही जिल्ह्यांना गारपिटीचा ऑरेंज अलर्ट. कोकण-गोव्यात घाटाच्या पायथ्याचे तालुके आणि सिंधुदुर्गाकडचा भाग सोडला तर बहुतेक नुसतं ढगाळ आणि दमट.

कारण नेहमीचंच आहे. विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकाच्या अंतर्भागात आणि तिथून थेट तमिळनाडूपर्यंत द्रोणिका रेषा, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, पसरली आहे. तिच्या पूर्वेकडून बंगालच्या उपसागराची ओल आत येते, पश्चिमेकडून कोरडे वारे. जमीन दुपारी चाळिशीला टेकलेली, आणि वर उत्तरेतून सरकणाऱ्या पश्चिमी झंझावातामुळे (पश्चिमेकडून येणारी वादळी प्रणाली) थंड हवा उतरलेली. खाली तापलेलं आणि वर गार असं झालं की ओली हवा सुसाट वर चढते आणि दुपारच्या दोन-तीन तासांत दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. मार्च-एप्रिलच्या अवकाळीत गारा जास्त आणि मेच्या वळवात कमी, त्याचंही कारण यातच आहे. मेमध्ये वरची हवा एवढी गार राहत नाही, गोठणपातळी (जिच्या वर पाणी गोठतं ती उंची) वर सरकते आणि बऱ्याचशा गारा खाली पोचेपर्यंत वितळून जातात.

धागा काढायचं कारण मात्र वेगळं आहे. दरवर्षी या दिवसांत दोन तक्रारी ऐकू येतात. 'इशारा होता, पण टिपूसही पडला नाही', नाहीतर 'कुणी काही सांगितलं नाही आणि होत्याचं नव्हतं झालं'. अंदाज असतो जिल्ह्याचा आणि आपण तो वाचतो आपल्या बांधाचा म्हणून. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागात पाऊस मोजणारी जेवढी केंद्रं आहेत त्यातली फार तर २५ टक्के. म्हणजे अंदाज तंतोतंत खरा ठरला तरी चारातली तीन गावं कोरडीच राहणार. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५, आणि त्यापुढे 'बहुतेक ठिकाणी'.

म्हणून अशा आठवड्यात 'आमच्याकडे पडणार का?' हे आदल्या दिवशी विचारून हाती काही लागत नाही. विचारायचं ते असं की पडलाच तर किती वाजता, आणि सोबत काय घेऊन येणार: वारा, वीज की गारा? याचं उत्तर बऱ्यापैकी भरवशाने मिळतं. वेळ जवळपास ठरलेली असते, दुपारी तीनपासून रात्री आठ-नऊपर्यंत. सकाळचे सहा ते बारा आपल्या हातात राहतात. उघड्यावरची जी काही कामं आहेत ती त्यात बसवा, आणि दुपारचं जेवण झालं की झाकाझाकी सुरू करा.

आपापला तालुका, पीक आणि आभाळ लिहा. तालुका न लिहिता 'आमच्याकडे ढगाळ' एवढंच लिहिलं तर कुणालाच काही कळत नाही.

वऱ्हाडी_वावर (अचलपूर) | सोमवार, सकाळी ७.३५

राजेहो, गहू उभा आहे. हार्वेस्टरवाल्याने बुधवारी दुपारचा नंबर दिला. आता काय करू?

नभोवेध | सोमवार, सकाळी ७.५०

भाऊ, बुधवारची दुपार घेऊच नका. उद्या सकाळचं जमवा, दोन गावं पलीकडचं मशीन बघावं लागलं तरी. एकदा सर येऊन गेली की काड ओलं होतं, मशीनला गुंडाळतं आणि मग दोन दिवस कोणीच वावरात उतरत नाही. वाऱ्याने गहू लोळला तर कापणीला जास्त पैसे मागतात, वर ओंब्या खालीच राहतात.

वऱ्हाडी_वावर | सोमवार, सकाळी ११.२०

जमलं. उद्या सकाळी आठला येतो म्हणाला, भाव थोडा चढा लावला. देऊन टाकतो. पोत्यांसाठी शाळेची जुनी खोली मिळाली.

बेदाणाशेड (तासगाव) | सोमवार, दुपारी १.०५

आमचा जीव टांगणीला लागलाय. बेदाण्यासाठी द्राक्षं उतरवून, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळ्यांवर टाकलेली आहेत. वरच्या कप्प्यांतला माल सुकत आला, खालच्या दोन कप्प्यांतला अजून हाताला चिकट लागतो. बाहेरच्या लोकांना वाटतं शेडवर पत्रा आहे, मग पावसाची काय भीती. भीती वरून येणाऱ्या पाण्याची नाहीच. वारा बाजूने झड आत मारतो, आणि झड आली नाही तरी हवेत दमटपणा राहिला की माल सुकायचा थांबतो. चार दिवस जास्त लागले की हिरवा रंग जातो, तांबूस-काळपट पडतो, आणि सौद्यात त्याच मालाला वेगळाच भाव मिळतो. वर्षभराची बाग, छाटणीपासूनची मजुरी, औषधं, सगळं त्या रंगावर अवलंबून.

माझा प्रश्न असा: बाजूचे पडदे दिवसभर सोडून ठेवायचे का? सोडले तर आत कोंदटतं, आणि उघडे ठेवले तर झड.

रंग_राखणारा (मिरज) | सोमवार, दुपारी १.४०

दादा, दिवसभर सोडू नका, आत वाफ धरते. सकाळी ऊन वर आलं की चारी बाजू मोकळ्या करा, वारा खेळू द्या. दोनच्या सुमारास वाऱ्याची बाजू बघून त्या बाजूचा पडदा सोडा आणि खालून बांधा. नुसता लोंबता ठेवला तर पहिल्याच वावटळीत फाटतो. समोरची बाजू आभाळ भरलं की मग सोडायची. पाऊस थांबला की रात्री का होईना, एक बाजू उघडी करून ओल बाहेर जाऊ द्या. आणि जो माल सुकला आहे तो आजच झाडून, पेट्यांत भरून कोल्ड स्टोरेजला लावा. जाळीवर राहिला तर ओल परत ओढून घेतो.

बेदाणाशेड | सोमवार, दुपारी २.१०

वरचे कप्पे आजच झाडायला घेतो. आभारी आहे.

आकडेमोड (पुणे) | सोमवार, सायंकाळी ५.३०

नभोवेध, तुमचं बहुतेक पटतं, पण एवढ्या वर्षांनी आणि एवढे संगणक असूनही गावापुरतं का सांगता येऊ नये? २०२५ च्या मे महिन्यात आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली भारत फोरकास्ट प्रणाली कामाला लागली, ती नकाशाचे चौकोन पाडून अंदाज देते आणि तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. आधी तो १२ किलोमीटरचा होता. म्हणजे गाव जवळपास आलंच की नाही?

नभोवेध | सोमवार, सायंकाळी ६.१५

सुधारणा मोठी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे. पण अवकाळीचा एक ढग पायथ्याशी पाच-दहा किलोमीटर रुंद असतो आणि तासा-दीड तासात जन्मून संपतो. ६ किलोमीटरच्या जाळीत तो एक-दोन चौकोनांत मावतो. तो नेमका कुठे उगवेल हे ज्यावर ठरतं, म्हणजे एखादी टेकडी, ओलिताचा पट्टा, शेजारच्या तालुक्यात कोसळलेल्या ढगातून सुटलेला गार वारा, ते आदल्या दिवशी कुठल्याच मॉडेलला पुरतं कळत नाही. मान्सूनमध्ये शेकडो किलोमीटर पसरलेली प्रणाली असते, तिचा माग काढणं यापेक्षा सोपं.

म्हणून गावापुरता अंदाज मिळतो तो शेवटच्या तीन तासांत. हवामान खातं तीन तासांचे तात्काळ इशारे देतं, ते बघा. रडारचं चित्र बघताना एकच थांबलेलं चित्र बघू नका. मागच्या तासाभरातली चित्रं ओळीने बघा, म्हणजे ढग कुठून कुठे सरकतोय आणि वाढतोय की विरतोय ते दिसतं. जिथे डोंगरामुळे रडारचा किरण अडतो तिथे उपग्रहाचं चित्र जोडीला घ्या.

आणि व्हॉट्सॲपवर 'अमुक तारखेला अमुक तालुक्यात इतके वाजता गारा' असं दहा दिवस आधी छातीठोकपणे सांगणारे निरोप फिरतात. ते पुढे पाठवू नका, कळकळीची विनंती. लोक त्यावर कच्चा माल उतरवतात.

मराठवाडी_माती (वसमत) | सोमवार, रात्री ९.००

आमच्याकडे हळद शिजवून खळ्यावर पसरलेली आहे. अजून आठेक दिवस ऊन पाहिजे. शेजारचे काका म्हणतात, भिजली तर भिजली, पुन्हा वाळते. मला तसं वाटत नाही. भिजलेल्या हळकुंडाला आतून ओल राहते, बुरशी धरते आणि पॉलिश केल्यावरही तेज येत नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा सल्ला मी नियमाने वाचते, 'मेघदूत' ॲपवरही तो येतो. पण तालुक्यापुरतं सांगणारी जी जिल्हा कृषी हवामान केंद्रं कृषी विज्ञान केंद्रांत २०१८ नंतर सुरू झाली होती, ती २०२४ मध्ये बंद पडली, याचं फार वाईट वाटतं. फोन उचलून विचारायला एक माणूस होता.

नभोवेध | सोमवार, रात्री ९.२५

ताई, तुमचंच बरोबर. दुपारी दोनला हळद ओढून लांबट ढिगात गोळा करा, मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतार ठेवून, म्हणजे ताडपत्रीवर पाणी साचणार नाही. ताडपत्रीच्या कडा दगडांनी दाबू नका, वाऱ्याने सरकतात. मातीने भरलेली पोती लावा. ढिगाभोवती वीतभर खोल चर काढा, कारण वरून झाकलं तरी खळ्यावरून वाहत येणारं पाणी खालून शिरतं. सकाळी ऊन तापल्यावरच पुन्हा पसरा.

लग्नघर (संगमनेर) | मंगळवार, सकाळी ८.१५

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाचा मुहूर्त, लॉनवर मांडव. माणसं बरीच येणार. आता हॉल मिळत नाही. कृपा करून काहीतरी सुचवा.

सह्यकडा (अकोले) | मंगळवार, सकाळी ८.४०

मुहूर्त अगदी वाईट वेळेला आला आहे, पण गुरुजींना विचारून बघा, सकाळचा असेल तर पत्रिका वाटल्या असल्या तरी फोन करून कळवता येतं. नाहीच जमलं तर आधी मांडववाल्याला गाठा. कापडी छत भिजलं की वजन अनेकपट होतं, बांबू झुकतात. खांब जमिनीत किती खोल आहेत ते स्वतः बघा. वारा सुटला की झालरी आणि पडदे सोडून टाकायला माणूस नेमा, कारण पडदा वाऱ्याचं शीड होतो आणि सगळा मांडव ओढून नेतो. जनरेटर आणि वायरिंग जमिनीवरून उचलून घ्या. पंगत निदान शाळेच्या व्हरांड्यात हलवा.

नभोवेध | मंगळवार, सकाळी ९.१०

सह्यकडा यांच्याशी पूर्ण सहमत. भर म्हणून एवढंच की कोसळणाऱ्या ढगातून आधी वारा येतो, पाऊस मागून. मातीचा वास घेऊन गार झुळूक आली की तुमच्याकडे दहा-पंधरा मिनिटं आहेत, कधी तेवढीही नाहीत. त्या वेळी पाहुण्यांना मांडवात गोळा करू नका, पक्क्या छताखाली न्या. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला तो अशाच धुळीच्या वादळात, १७ माणसं गेली. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यातल्या पारसला मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर कडुलिंबाचं झाड पडलं आणि ७ जण दगावले. पावसापासून वाचायला माणसं त्या शेडखाली जमली होती. पत्र्याचं शेड, जुनं झाड, मोठा फलक, या तिन्हींपासून लांब.

वऱ्हाडी_वावर | मंगळवार, सकाळी ९.३०

पारस आमच्यापासून लांब नाही. त्या रात्रीचं वावधन, म्हणजे वादळ, आठवलं की अजून काटा येतो.

हापूस_बाग (रत्नागिरी) | मंगळवार, सकाळी ११.००

कोकणाला इशारा नाही म्हणून आम्ही निर्धास्त आहोत असं कुणी समजू नये. आम्हाला दोन-तीन दिवसांचं ढगाळ आणि दमट हवामानच पुरतं. करपा वाढतो, मोहोराच्या शेवटच्या टप्प्यावर तुडतुडे येतात, आणि एक सर पडून गेली की फळमाशीचं काम सुरू. चौदा आणे तयार झालेलं फळ मी आज-उद्या झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवून घेतोय. देठ थोडा ठेवूनच, नाहीतर चीक फळावर उतरून डाग पडतो. फळमाशीच्या रक्षक सापळ्यांतलं औषध बदललं. बारा आण्याचं फळ मात्र झाडावरच ठेवणार, घाईने उतरवलं तर पिकत नाही, नुसतं सुरकुततं.

काजूबोंड (सत्तरी, गोवा) | मंगळवार, दुपारी १२.१५

आमच्याकडे काल संध्याकाळी डोंगरावर गडगडलं, पाऊस नाही. काजूची बोंडं भिजली की रस पातळ होतो, हुर्राक (काजूच्या रसाची दारू) नीट उतरत नाही, आणि जमिनीवर पडलेल्या बिया काळ्या पडतात. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा वेचणी चालू केली आहे.

पायवाट (शिरूर कासार, बीड) | मंगळवार, रात्री ८.०५

पिकाचं सगळे बोलतायत, मी विजेचं लिहितो. मी शाळेत शिकवतो. आमच्याकडे या दिवसांत मेंढरं माळावर असतात, ऊसतोडीहून परतलेली माणसं उघड्यावर असतात. वीज पडून माणूस जातो तेव्हा बहुतेकदा झाडाखालीच असतो. पावसाने भिजू नये म्हणून तिथे थांबलेला. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा चुलता असाच गेला. त्याच्या हातात कासरा होता, बैलही गेला.

आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप मी गावात ज्याच्याकडे साधा का होईना पण इंटरनेटचा फोन आहे त्याला टाकून दिलं. आसपास वीज पडत असेल तर ते सावध करतं. पण माळावर रेंज नसते. तिथे कानच कामाला येतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजायचं, तीन आकड्यांना साधारण एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत आवाज आला की घर, पक्की इमारत, नाहीतर काचा लावलेली गाडी गाठायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. काहीच जवळ नसेल तर झाड सोडून सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं झोपायचं नाही, आणि चार माणसं असतील तर एकमेकांपासून लांब. आता मेंढ्या वळणारी पोरं आकडे मोठ्याने म्हणत पळतात. पळाले तरी मला चालतं.

मराठवाडी_माती | मंगळवार, रात्री ८.३०

सर, हे तुमचं लिहिलेलं मी आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर टाकू का?

पायवाट | मंगळवार, रात्री ८.३२

जरूर टाका ताई. विचारायचीही गरज नाही.

बेदाणाशेड | बुधवार, दुपारी ४.२०

नैऋत्येला ढग उभा राहिला आहे, माथा ऐरणीसारखा पसरलाय. वारा पडला. पडदे बांधले.

मराठवाडी_माती | बुधवार, सायंकाळी ५.०५

वसमतला कडक ऊन. हळद झाकून बसले आहे.

बेदाणाशेड | बुधवार, सायंकाळी ६.४०

अर्धा तास झोडपलं. एक पडदा फाटला, खालच्या कप्प्याची एक बाजू ओली. बाकी वाचलं. चार किलोमीटरवरच्या पाहुण्यांकडे एक थेंब नाही.

सह्यकडा | बुधवार, रात्री ८.५०

अकोले तालुक्यात गारा झाल्या, हरभऱ्याएवढ्या. पाऊस फार नाही.

२०१४ ची आठवण आली. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारांनी जे केलं होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना आभाळ पिवळट झालं की धडकी भरते. द्राक्षं, डाळिंब, गहू, हरभरा, कांदा, काही सोडलं नव्हतं.

कांदाचाळ (चांदवड) | गुरुवार, सकाळी ९.४०

काल संध्याकाळी आमच्याकडे पाऊस झाला, पण आज बघतो तर आकडा आजच्या तारखेला दिसतोय आणि कालच्या तारखेला शून्य. पंचनाम्याच्या वेळी यावरून घोळ होईल का?

नभोवेध | गुरुवार, सकाळी १०.००

होऊ शकतो, म्हणून नीट समजून घ्या. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला लिहितात. तुमचा कालचा संध्याकाळचा पाऊस त्यामुळे आज दिसतो. अर्जात 'बुधवारी सायंकाळी इतक्या वाजता' असं वेळेसह लिहा, फोटो त्याच दिवशीचे ठेवा, आणि तलाठी व कृषी सहायक दोघांनाही कळवा. सरकारी मदतीला ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान लागतं. फळपिकाचा हवामान आधारित विमा असेल तर तिथे तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद धरतात, बागेतली नाही. विम्याच्या अटी हंगामागणिक बदलतात, तेव्हा यंदाच्याच वाचा.

जमलं तर घरी पाऊस मोजा. सरळ भिंतीचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि आतलं पाणी पट्टीने मोजायचं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. दहा मिलिमीटर पडला तर एकरभर रानात सुमारे चाळीस हजार लिटर पाणी. या नोंदीला सरकारदरबारी किंमत नाही, पण फवारणी आणि पुढचं पाणी ठरवताना याहून खरा आकडा नाही.

लग्नघर | गुरुवार, दुपारी ३.१५

पंगत शाळेत हलवली. गुरुजींनी सकाळचा मुहूर्त काढून दिला नाही, पण मंगलाष्टकं मारुतीच्या सभामंडपात घेऊ म्हणाले. मांडवाचे पडदे उतरवले. आभाळ भरलेलं आहे.

कांदाचाळ | गुरुवार, सायंकाळी ४.३०

नभोवेध, आणखी एक. उन्हाळ कांदा उपटून पातीने झाकून रानात पडला होता, तो काल भिजला. व्यापारी आजच उचलतो म्हणतोय, पडत्या भावात. चाळीत भरू की देऊन टाकू?

रानमेवा (निफाड) | गुरुवार, सायंकाळी ४.५०

ओला कांदा चाळीत मुळीच भरू नका. एक सडला की थर खाली बसतो, काजळी (काळी बुरशी) पसरते आणि पावसाळ्यात अर्धी चाळ उकिरड्यावर जाते. आत्ताच्या आत्ता पात बाजूला करून उलथापालथ करा, पाणी साचलेल्या वाफ्यातला वेगळा काढा. तो वेगळा काढलेला, आणि मान जाड राहिलेला, एवढाच व्यापाऱ्याला द्या. बाकीचा शेडखाली किंवा झाडाच्या सावलीत पातळ पसरा, वारा लागू द्या. मान सुकून बारीक झाली, वरचं पापुद्र्याचं साल खळखळ वाजायला लागलं की मग पात इंचभर ठेवून कापा आणि भरा.

नभोवेध | गुरुवार, सायंकाळी ५.१०

रानमेवा यांचं ऐका. उद्या आणि परवा नाशिककडे जोर उतरतोय, द्रोणिका रेषा पूर्वेला सरकली आहे. रविवारपासून उत्तर महाराष्ट्रात कोरडं आणि तापमान पुन्हा वर, म्हणजे कांद्याला हवं तसं. विदर्भ आणि नांदेड-हिंगोलीकडच्यांनी शनिवार संध्याकाळपर्यंत ताडपत्र्या काढू नका. शुक्रवारचा कृषी सल्ला आला की इथेच टाकतो.

वऱ्हाडी_वावर | गुरुवार, सायंकाळी ५.२५

गहू खोलीत आहे, ४० पोती झाली. इकडे आता ढग चढले. संत्र्याचं कोणी आहे का इथं? आंबिया बहाराची फळं गोटीएवढी आहेत, वाऱ्यानंतर गळ थांबवायला काय फवारता?